ले कॉर्बुझिए

ले कॉर्बुझिए (मूळ नाव: शार्ल-एदुआर जानरे, जन्म: ६ ऑक्टोबर १८८७, ला शो-द-फाँ, स्वित्झर्लंड, मृत्यू: २७ ऑगस्ट १९६५, रोकब्रून-काप-मार्तँ, फ्रान्स) हे स्विस-फ्रेंच वास्तुरचनाकार, नगररचनाकार, चित्रकार आणि लेखक होते. विसाव्या शतकातील आधुनिक वास्तुकलेच्या प्रमुख प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते. चंडीगढ शहराचे रचनाकार म्हणून ते भारतात परिचित आहेत. काचेच्या दुपदरी भिंतीची कल्पना मांडणारे आणि पुढे उन्हापासून संरक्षणासाठी काँक्रीटच्या सूर्यरोधकांकडे वळणारे वास्तुरचनाकार म्हणून इमारतींच्या पर्यावरणीय रचनेच्या इतिहासातही त्यांना महत्त्वाचे स्थान आहे.

पूर्वायुष्य

ला शो-द-फाँ हे समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर उंचीवरील घड्याळनिर्मितीचे गाव होय. वडील घड्याळांच्या तबकड्यांवर मिनाकाम करीत, तर आई पियानो शिकवीत असे. स्थानिक कलाशाळेत शार्ल लेप्लातनिए यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचे शिक्षण झाले. पुढे त्यांनी पॅरिसमध्ये ऑग्युस्त पेरे आणि जर्मनीत पीटर बेहरेन्स यांच्या कार्यालयांत उमेदवारी केली. १९१७ साली ते पॅरिसला स्थायिक झाले आणि १९२० पासून ले कॉर्बुझिए हे टोपणनाव वापरू लागले. १९२२ मध्ये चुलतभाऊ पिएर जानरे यांच्याबरोबर त्यांनी व्यवसाय सुरू केला. १९३० मध्ये त्यांनी फ्रेंच नागरिकत्व स्वीकारले.

दुपदरी भिंतीची कल्पना

दुहेरी काचेची भिंत हा सर्वस्वी त्यांचा शोध नव्हे. जर्मनीतील गींगेन येथील श्टाइफ खेळणी कारखान्यात १९०३ मध्येच काचेचे दोन थर वापरले गेले होते. कॉर्बुझिए यांनी १९१६ च्या सुमारास आपल्या गावी बांधलेल्या श्वोब निवासात दिवाणखान्याची भव्य खिडकी दुहेरी काचांची केली आणि थंडी आत येऊ नये म्हणून दोन काचांच्या मध्ये उष्णता देणाऱ्या नळ्या बसवल्या. हाच उपाय त्यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस तत्त्वाच्या पातळीवर नेला.

काचेच्या दोन पदरांमध्ये काही सेंटिमीटरची पोकळी ठेवायची, तिच्यातून हिवाळ्यात गरम व उन्हाळ्यात थंड हवा खेळवायची आणि बाहेरच्या हवामानाचा आतील परिणाम नाहीसा करायचा, अशी ही योजना होती. खोल्यांमध्ये स्वतंत्र यंत्रणेने सुमारे १८ अंश सेल्सिअस तापमानाची शुद्ध हवा पुरवली जाणार होती. असे झाले तर मॉस्कोपासून उष्ण कटिबंधापर्यंत सर्वत्र एकाच प्रकारची इमारत चालेल, असा त्यांचा विश्वास होता.

मॉस्कोतील सेंत्रोसोयूझ या सहकारी संघाच्या कार्यालयासाठी त्यांनी ही योजना सुचवली. तपासणी करणाऱ्या अमेरिकी कंपनीने मात्र नेहमीच्या पद्धतीपेक्षा यात कितीतरी अधिक वाफ व वीज लागेल, असा प्रतिकूल अभिप्राय दिला. पोकळीत सोडलेली उष्णता जशी आत जाते तशीच बाहेरच्या काचेतून निघूनही जाते, हा या रचनेतील मूळ दोष होता. १९३० च्या दशकात इमारत पूर्ण झाली, पण त्या यंत्रणेशिवाय.

सिते द रफ्यूज

पॅरिसमध्ये साल्व्हेशन आर्मी या संस्थेसाठी बांधलेल्या निराधारांच्या आश्रयगृहाचे उद्घाटन डिसेंबर १९३३ मध्ये झाले. याची दक्षिणेकडील सुमारे १,००० चौरस मीटरची काचभिंत पूर्णपणे बंदिस्त होती. उघडणारी खिडकी एकही नव्हती. निधीअभावी काचेचा दुसरा पदर आणि हवा थंड करणारी यंत्रणा वगळण्यात आली. भर हिवाळ्यात इमारत उबदार राहिली, परंतु उन्हाळा येताच तीच भिंत रहिवाशांना तापदायक ठरली. आश्रयाला आलेल्या माता व तान्ही मुले यांना त्याचा विशेष त्रास झाला. प्रशासनाने उघडणाऱ्या खिडक्या बसवण्याचा आदेश दिला. कॉर्बुझिए यांनी त्याला विरोध केला, पण अखेर खिडक्या बसवाव्या लागल्या. दुसऱ्या महायुद्धात बाँबमुळे इमारतीची हानी झाली आणि नंतरच्या दुरुस्तीत दर्शनी भागावर सूर्यरोधक उभारले गेले.

सूर्यरोधकांकडे वळण

काचेतून आत आलेले ऊन यंत्राने थंड करण्यापेक्षा ते काचेपर्यंत पोहोचूच न देणे श्रेयस्कर, हा विचार पुढे त्यांच्या रचनांमध्ये दृढ झाला. १९३६ मध्ये रिओ दि जानेरो येथील शिक्षण व आरोग्य मंत्रालयाच्या इमारतीसाठी ते सल्लागार होते. लुसिओ कोस्ता, ऑस्कर निमायर आदींनी ती साकारली. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडे असतो. त्यामुळे तेथे उत्तरेच्या बाजूला सूर्यरोधकांची जाळी आहे. न्यू यॉर्क येथील संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाच्या रचनामंडळावर असताना १९४७ मध्ये त्यांनी सचिवालयाच्या काचभिंतींना सूर्यरोधक असावेत असा आग्रह धरला. तो मान्य झाला नाही आणि ती इमारत वातानुकूलनावर विसंबून राहिली.

भारतातील कार्य

चंडीगढच्या कामासाठी १९५० च्या अखेरीस त्यांना पाचारण करण्यात आले. पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे त्यांचे सहकारी होते. याच काळात त्यांच्या कार्यालयात तापमान, आर्द्रता, वारा आणि ऊन यांची ऋतुमानाप्रमाणे नोंद करून उपाय ठरवणारा हवामान-तक्ता तयार झाला. सुमारे २५४ मीटर लांबीच्या सचिवालयात प्रकाशासाठी स्थिर काच, वाऱ्यासाठी जाळी लावलेल्या अरुंद उभ्या झडपा आणि सावलीसाठी खोल सूर्यरोधक अशी कामांची विभागणी केलेली दिसते.

अहमदाबाद येथील गिरणीमालक संघाच्या इमारतीत (१९५४) रस्त्याकडील पश्चिम बाजूचे सूर्यरोधक तिरके आहेत, तर साबरमतीकडील पूर्व बाजूचे काटकोनात आहेत. त्यामुळे दुपारचे ऊन अडते, पण नदीवरचा वारा आत येतो. पुण्यात जन्मलेले व मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले बाळकृष्ण दोशी यांनी त्यांच्या पॅरिस कार्यालयात काम केले आणि पुढे अहमदाबादच्या कामांवर देखरेख ठेवली.

मूल्यमापन

काँक्रीटचे सूर्यरोधक दिवसा तापतात आणि साठवलेली उष्णता संध्याकाळी इमारतीत सोडतात, अशी टीका त्यांच्यावर झाली. पॅरिसचा मध्यभाग पाडून तेथे उत्तुंग इमारती उभारण्याची त्यांची योजना आणि दुसऱ्या महायुद्धातील व्हिशी राजवटीशी त्यांनी साधलेला संपर्क हेही वादाचे विषय आहेत.

भूमध्य समुद्रात पोहत असताना त्यांचे निधन झाले. १९९० च्या दशकात जर्मनीतील उंच कार्यालयीन इमारतींमध्ये, उदाहरणार्थ फ्रँकफुर्टच्या कॉमर्झबँक मनोऱ्यात, दुपदरी दर्शनी भाग यशस्वीपणे वापरला गेला. मात्र तेथील पोकळी बाहेरच्या हवेला खुली असून आतील खिडक्या उघडता येतात. म्हणजेच कॉर्बुझिए यांनी नाकारलेली उघडणारी खिडकी हाच या नव्या रचनेचा आधार ठरला. २०१६ मध्ये चंडीगढच्या कॅपिटॉल संकुलासह सात देशांतील त्यांच्या १७ वास्तूंचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.