ख्रिस्ती समाजाचा वारकरी : रेव्हरंड नारायण वामन टिळक

अर्धापूर (वार्ताहर) - शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात संत नामदेवांची नर्सी आहे, तर परभणी जिल्ह्यात जनाबाईंचे गंगाखेड. अभंग आणि टाळमृदंग यांचे संस्कार घेऊन वाढलेल्या या भूमीतील वाचकाला रविवारच्या मराठी उपासनेत अभंगाच्याच चालीवर गायिलेले ख्रिस्ताचे भजन ऐकू आले, तर क्षणभर नवल वाटते. त्या नवलाचा उगम शोधू गेल्यास एक नाव प्रामुख्याने समोर येते, ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

'फुलामुलांचे कवी' म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. तथापि आपल्या मंडळीचा सेवक आणि अनेकांचा मार्गदर्शक ही त्यांची दुसरी ओळख काहीशी मागे पडली आहे.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. मातृछत्र लहानपणीच हरपले आणि घर सुटले. नाशिकला त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले, थोडे इंग्रजी शिक्षण घेतले. पुढे शिक्षकी, कीर्तने, नागपुरात ग्रंथसंपादन असा त्यांचा प्रवास चालू राहिला. एका जागी स्थिर राहणे हा त्यांचा स्वभावच नव्हता. धर्माविषयीची अस्वस्थता मात्र कायम होती. 1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला. त्या गृहस्थाने त्यांना बायबलची प्रत दिली. तिच्या वाचनाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत मोठी होती. चित्पावन ब्राह्मण कुटुंबातील धर्मांतर म्हणजे त्या काळी आप्तस्वकीयांना अंतरणे होय. पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन माहेरच्या आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नगरला आल्या, तरी प्रारंभी आपला धर्म आणि सोवळेओवळे सांभाळूनच राहिल्या. पुढे मनातील जातिभेदाची गाठ आपसूक सुटत गेली आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला.

तेव्हाचे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ही टिळकांची प्रमुख कर्मभूमी ठरली. अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षण विद्यालयात ते शिकवीत. 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. 1912 पासून 'ज्ञानोदय' या जुन्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. परंतु त्यांची खरी शाळा घरातच भरत असे. विद्यार्थी, निराधार मुले, वाट चुकलेले तरुण, कोणीही दारी आले तरी त्याला पान वाढले जाई. घरात पैसा टिकत नसे आणि त्याचा भार लक्ष्मीबाईंवर पडे. दुसऱ्याची अडचण पाहून खिसा रिकामा करणाऱ्या माणसाचा संसार कसा चालतो, याचे हसतखेळत पण मर्मभेदी चित्रण त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मकथनात करून ठेवले आहे.

या घरी आलेल्यांपैकी सर्वांत तेजस्वी नाव त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचे. 1907 मध्ये जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात या किशोराने सर्वांना मोहित केले आणि 'बालकवी' ही उपाधी मिळविली. त्याची प्रतिभा ओळखून टिळकांनी त्याला आपल्या घरी आणले, लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे सांभाळले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की बालकवी अखेरपर्यंत ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्यामुळे या स्नेहात कधी अंतर पडले नाही. शिष्याला आपल्यासारखे करण्यापेक्षा त्याला स्वतःसारखे होऊ द्यावे, हे गुरुपण टिळकांना साधले होते.

मंडळीसाठी त्यांनी केलेले कार्यही याच जातीचे होते. परदेशी चालींवर बेतलेली गीते मराठी शेतकऱ्याच्या, मजुराच्या कंठात बसत नाहीत, हे त्यांनी ओळखले. तुकोबांच्या अभंगांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. म्हणून त्यांनी शेकडो पदे, अभंग आणि भजने रचली, ख्रिस्ती कीर्तनाला प्रतिष्ठा दिली. धर्म बदलला म्हणून भाषा, देश आणि संतपरंपरा यांच्याशी नाते तोडावे लागत नाही, हे त्यांनी आपल्या समाजाला शिकविले आणि इतर समाजालाही दाखवून दिले.

1917 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर, त्यांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारण्याचा संकल्प सोडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सर्व भक्त एकत्र यावेत, ही त्यामागील कल्पना होती. परंतु काळाने सवड दिली नाही. 5 मे 1918 रोजी बालकवींचा रेल्वेखाली सापडून अकाली अंत झाला आणि सुमारे वर्षभराने, 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांनीही जगाचा निरोप घेतला. दरबाराचे स्वप्न अपुरे राहिले आणि 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही अपुरे राहिले.

त्यातील महाकाव्य मात्र अपुरे राहिले नाही. पतीच्या हाताखाली अक्षरे गिरवीत लिहिण्यावाचण्यात तरबेज झालेल्या लक्ष्मीबाईंनी लेखणी हाती घेतली. टिळकांचे सुमारे 10 अध्याय लिहून झाले होते, पुढचे 64 अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्याही गेल्या.

टिळकांच्या पश्चात संपत्ती अशी उरलीच नाही. उरली ती भजने आणि घडविलेली माणसे. आजही मराठी ख्रिस्ती उपासनेत त्यांची पदे गायिली जातात आणि गाणाऱ्यांपैकी अनेकांना रचनाकाराचे नावही ठाऊक नसते. ज्याने आयुष्यभर स्वतःसाठी काही राखले नाही, त्या सेवकाला याचे वाईट वाटले नसते. पण आपण ते नाव विसरू नये.