पुरणपोळी आधी, पोथी नंतर

फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणमध्ये नाथषष्ठीची यात्रा भरते. गावोगावच्या दिंड्या येतात आणि गोदावरीचा काठ माणसांनी फुलून जातो. संत एकनाथांच्या चरित्रातल्या कथा यातल्या बहुतेकांना लहानपणापासून ठाऊक असतात. तहानलेल्या गाढवाला कावडीतले गंगाजल पाजल्याची कथा त्यात आहे, अंगावर थुंकणाऱ्यावर न रागावता पुन्हा पुन्हा नदीत स्नान केल्याचीही आहे. त्याच चरित्रात गावबा नावाचा एक मुलगा भेटतो. गावाने त्याला वेडा आणि मंद ठरवले होते, नाथांनी त्याला घरात ठेवून घेतले. आज ज्या मुलांना आपण ‘स्वमग्न’ म्हणतो, त्यांच्या घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी ही कथा नाथांच्या सगळ्या आयुष्याच्या संदर्भात वाचण्यासारखी आहे.

एका पैचा हिशोब

एकनाथांचा जन्म सोळाव्या शतकात पैठणला झाला. पंढरीच्या विठ्ठलभक्तीसाठी प्रसिद्ध असलेले संत भानुदास हे त्यांचे पणजोबा. आईवडिलांचे छत्र फार लवकर हरपले आणि आजोबा चक्रपाणी व आजी यांनी त्यांना वाढवले. वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास हा मुलगा घर सोडून देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला गेला. किल्ल्यावर अधिकारी असलेल्या जनार्दनस्वामींना त्याने गुरू केले.

परंपरा सांगते, की स्वामींनी त्याच्यावर हिशोबाचे काम सोपवले होते. एकदा जमाखर्चात एका पैची चूक निघाली. मुलगा दिवा लावून रात्रभर बसला. भूक, झोप, आजूबाजूचे जग, कशाचेच भान त्याला उरले नाही. पहाटे चूक सापडली, तेव्हा तो आनंदाने टाळ्या पिटू लागला. स्वामींनी त्याला वेड्यात काढले नाही. एका पैसाठी लागलेले हे ध्यान भगवंताकडे वळले तर काय होईल, हे त्यांनी ओळखले.

या कथेवरून नाथांना कुठलेही निदान चिकटवण्याचे कारण नाही. मात्र कथेतला गुरू पाहण्यासारखा आहे. एकाच गोष्टीत पूर्ण बुडून जाणे हे अनेक स्वमग्न व्यक्तींचे वैशिष्ट्य असते. लक्ष एका वेळी एकाच वाटेने वाहते, ती वाट अचानक तोडली की त्रास होतो, असे मत ब्रिटिश संशोधक डायना मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडले. अभ्यासात बुडालेल्या मुलाला आपण एकाग्र म्हणतो. तेच ध्यान पंख्याच्या पात्यांवर किंवा रेल्वेच्या वेळापत्रकावर लागले, की खोड म्हणतो आणि मोडायला निघतो. जनार्दनस्वामींनी ध्यान मोडले नाही, त्याला काम दिले.

भाषेचा सोवळेपणा

गुरूंची सेवा आणि तीर्थयात्रा झाल्यावर नाथ पैठणला परतले. गिरिजाबाईंशी विवाह होऊन त्यांचा संसार सुरू झाला. दिवसा लेखन, रात्री कीर्तन आणि घरात सतत येणारेजाणारे असा त्यांचा क्रम होता. त्या काळचे पैठण हे धर्मशास्त्राचे मोठे पीठ होते. शास्त्रचर्चा संस्कृतातच व्हावी, अशी तिथल्या पंडितांची ठाम समजूत होती. नाथ मात्र भागवताच्या अकराव्या स्कंधावर मराठीत लिहू लागले. त्यासाठी काशीतही त्यांना विरोध झाला. तो ग्रंथ अखेर काशीतच १५७३ मध्ये पूर्ण झाला. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या वेगवेगळ्या प्रती ताडून तिचा शुद्ध पाठ सिद्ध केला. एका पैची चूक शोधणारी नजर इथे कामी आली.

आपल्याला न समजणारी भाषा ही भाषाच नव्हे, असे पंडितांना वाटत होते. स्वमग्नतेविषयीचा पूर्वग्रह असाच आहे. समोरचा डोळ्याला डोळा भिडवत नाही, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो, हात हलवतो, म्हणून त्याला भावना नाहीत किंवा माणसांची ओढ नाही, असे आपण ठरवतो. स्वमग्नता हा शब्दही तेच सुचवतो. ‘ऑटिझम’ ज्यापासून आला तो ग्रीक शब्द ‘स्वतः’ या अर्थाचा आहे आणि मराठी शब्द त्याचीच छाया आहे. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अशा अकरा मुलांचे वर्णन केले. त्याआधी १९२५ मध्ये ग्रुन्या सुखारेवा या रशियन डॉक्टरांनीही अशा मुलांविषयी लिहिले होते. नोंद घेणारे बाहेरून पाहत होते. त्यामुळे आत बंद असलेले मूल हेच चित्र पक्के झाले.

स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये हे चित्र उलटून पाहिले. दोन वेगळ्या घडणीच्या माणसांमध्ये गैरसमज झाला, तर तो दोघांचा असतो. स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन कळत नाही, हे जितके खरे, तितकेच इतरांना तिचे मन कळत नाही, हेही खरे. २०१७ च्या एका अभ्यासात लोकांना स्वमग्न आणि इतर व्यक्तींच्या काही सेकंदांच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. तेवढ्यातच स्वमग्न व्यक्तींविषयी प्रतिकूल मत तयार झाले. त्याच बोलण्याचा फक्त लिखित मजकूर दिला, तेव्हा हा फरक उरला नाही. लोकांना खटकले ते बोलण्यातले म्हणणे नव्हते, बोलण्याची ढब होती. २०२० मध्ये एडिंबरा विद्यापीठातील संशोधकांनी एकाकडून दुसऱ्याकडे गोष्ट सांगत नेण्याचा प्रयोग केला. स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोहोचली, मिश्र साखळीत मात्र ती अधिक गळली. तीनशेहून अधिक लोकांवरच्या नंतरच्या मोठ्या अभ्यासात मिश्र साखळीतली ही गळतीही दिसली नाही. स्वमग्न माणसाला संवादच जमत नाही, या समजुतीला दोन्ही प्रयोगांत आधार मिळाला नाही.

आधी उचलले, मग विचारले

भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळूत एक लहान मूल चुकून रडत होते. मूल महाराचे होते, त्यामुळे स्पर्श करायला कुणी पुढे होईना. नाथांनी त्याला कडेवर घेतले, त्याचे अंग पुसले आणि वस्तीत आईच्या हाती नेऊन दिले. गावाने प्रायश्चित्त मागितले, तरी नाथांचे वागणे बदलले नाही. श्राद्धासाठी केलेले अन्न त्यांनी भुकेल्या अस्पृश्यांना वाढल्याची कथाही प्रसिद्ध आहे. घरातून विरोध झाला तो मुलगा हरिपंडित याचा. तो संस्कृतचा मोठा विद्वान होता. वडिलांची मराठी आणि त्यांचे हे वागणे न पटल्याने तो काशीला निघून गेला होता.

तरी नाथ सर्वस्वी आपल्या काळापलीकडचे होते, असे म्हणता येणार नाही. त्यांच्या भारुडांत जोशी, गोंधळी, वासुदेव यांच्याबरोबर मुका, बहिरा, आंधळा आणि पांगळा हेही येतात. ती रूपके आहेत. जिभेने निंदा केली म्हणून मुका, कानांनी कीर्तन ऐकले नाही म्हणून बहिरा, अशी त्यांची मांडणी आहे. ती अहंकारी पंडितांना उद्देशून होती. पण व्यंग म्हणजे कुणाच्या तरी चुकीचे फळ, ही समजूत त्यांत आहेच. तीच समजूत आजही आईच्या माथी मारली जाते. ग्रहण पाळले नाही, नोकरी सोडली नाही, मोबाइल हातात दिला, असे तिला ऐकवले जाते. पाश्चात्त्य वैद्यकानेही हेच केले. १९५० आणि १९६० च्या दशकांत आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते, असे अमेरिकेतले मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये ते खोडून काढले. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतली भिन्नता आहे, तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि ती संगोपनामुळे किंवा लसींमुळे होत नाही, हे आज स्पष्ट आहे.

गावबा

गावबा पैठणचाच. त्याला पुरणपोळी फार आवडे, इतकी की दुसरे काही त्याला चालत नसे. रोज पुरणपोळी करणे आईला परवडणारे नव्हते. मुलाला धड बोलता येत नाही, शिकवलेले डोक्यात शिरत नाही, म्हणून गाव त्याला हसे. अखेर तो नाथांच्या घरी आला. गिरिजाबाईंनी त्याला पुरणपोळी वाढली, दुसऱ्या दिवशीही वाढली आणि मुलगा तिथेच राहिला. नाथांनी त्याला मंत्र देऊन पाहिला, पण तो एकच शब्द म्हणे: एकनाथ. लोकांना हा वेडेपणाचा पुरावा वाटला. नाथांनी तोच त्याचा मंत्र मानला.

चारशे वर्षांपूर्वीच्या मुलाचे निदान आज करणे वैद्यकशास्त्राला धरून होणार नाही. ताहराबादच्या महिपतींनी नाथांचे चरित्र ‘भक्तलीलामृता’त सांगितले, ते १७७४ मध्ये, म्हणजे नाथांनंतर पावणेदोनशे वर्षांनी. तरीही या कथेतले बारकावे स्वमग्न मुलांच्या पालकांना ओळखीचे वाटतील. ठरावीक पदार्थच खाणे हा बहुतेक वेळा हट्ट नसतो. चव, वास आणि पोत यांची जाणीव काही मुलांना फार तीव्र असते आणि ओळखीचा घासच त्यांना सुरक्षित वाटतो. एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणणे निरर्थक असेलच असे नाही. त्या एका शब्दात मागणी, आठवण किंवा माया असू शकते. न बोलणे म्हणजे न समजणे नव्हे.

कथेचा क्रमही लक्षात घ्यावा. नाथांच्या घरात पुरणपोळी आधी आली आणि पोथी फार नंतर. हा मुलगा पुढे काही करून दाखवील, म्हणून त्याला ठेवून घेतले नव्हते. आज स्वमग्न मुलांविषयी बोलताना गणितात किंवा चित्रकलेत चमकणाऱ्यांची उदाहरणे दिली जातात. त्यांत पालकांना धीर देण्याचा हेतू असतो. पण ज्या मुलाकडे असे काहीच नाही, त्याचे काय, हा प्रश्न त्या उदाहरणांनी सुटत नाही. जगात २०२१ मध्ये दर १२७ व्यक्तींमागे एक स्वमग्न होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांतल्या काहींना आयुष्यभर रोज मदत लागते. त्यांचा मान त्यांच्या कर्तबगारीवर अवलंबून ठेवता येणार नाही.

वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षापर्यंत बोट दाखवून काही सांगत नसेल किंवा दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून थांबू नये. आधी श्रवण तपासून घ्यावे आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची सोय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश असल्याने शिक्षणातले आणि इतर हक्क मागता येतात. चित्रफलक, खुणा, टॅबलेट अशा साधनांनी मूल आपले म्हणणे मांडू लागले, तर बोलणे खुंटेल, ही भीतीही निराधार आहे. शेजाऱ्यांचे काम याहून सोपे आहे. वाढदिवसाला त्या मुलालाही बोलवावे, गाण्याचा आवाज थोडा कमी ठेवावा आणि त्याला बसायला एक शांत कोपरा द्यावा.

पंचेचाळिसावा अध्याय

आयुष्याच्या अखेरीस नाथ भावार्थ रामायण लिहीत होते. युद्धकांडाचे ४४ अध्याय झाले आणि जाण्याची वेळ जवळ आली. आता ग्रंथ अपुरा राहणार, असे सर्वांना वाटले. परंपरेनुसार नाथांनी हे काम गावबावर सोपवले. लोकांना ते खरे वाटेना. घरात हरिपंडितासारखा विद्वान असताना, ज्याला मंत्र म्हणता आला नाही, त्याच्या हाती रामायण गेले होते.

१५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. त्यानंतर गावबाने रामायण पुढे नेले. भाविक याला गुरुकृपा म्हणतात. त्याबरोबर एक साधी गोष्टही त्या घरात घडली होती. वर्षानुवर्षे कीर्तने होत होती, ओव्या रचल्या जात होत्या आणि एक मुलगा ते सगळे ऐकत होता. तो ऐकतो आहे, हे गावाच्या लक्षात आले नव्हते. भावार्थ रामायणाचे पारायण ज्या घरांत होते, तिथे वाचणारा आजही चव्वेचाळिसाव्या अध्यायावरून पंचेचाळिसाव्यावर जातो. लिहिणारा हात बदलला आहे, हे त्याला थांबून आठवावे लागते.