न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे

ईश्वराने सुख दिले असता त्याचे आभार मानणे कोणासही साधते. परंतु त्याने आपली चूक आपल्या पदरात घातली असता त्याबद्दल हात जोडणारी माणसे विरळा. अशा एका थोर पुरुषाचे चरित्र आम्ही आज ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे झाला. त्यांचे उच्च शिक्षण मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत झाले. ३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत प्रार्थनासमाज स्थापन झाला. त्याचे ते आधारस्तंभ होत. गिरगावातील ज्या नाक्यास आजही लोक प्रार्थनासमाज या नावानेच ओळखतात, तेथील मंदिरात त्यांची धर्मपर व्याख्याने होत. ईश्वराचा न्याय आणि त्याची दया या दोन भिन्न वस्तू नव्हेत, अशी त्यांची श्रद्धा होती. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकविणे. ईश्वराच्या शिक्षेचा हाच अर्थ त्यांनी घेतला.

या श्रद्धेची कसोटी लवकरच लागली. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. १८७३ साली त्यांची प्रथम पत्नी निवर्तली. आता हे विधवेशी विवाह करतील, अशी वडिलांना धास्ती वाटली व त्यांनी त्याच वर्षी एका अकरा वर्षांच्या कुमारिकेशी त्यांचे लग्न लावून दिले. एकतिसाव्या वर्षी रानडे यांनी पितृआज्ञेपुढे मान तुकविली. जे लोकांना सांगितले ते स्वतः केले नाही, असा ठपका त्यांच्यावर आला, आणि तो खोटा नव्हता. आम्हीही तो झाकीत नाही.

परंतु पुढे काय घडले ते पाहावे. त्या निरक्षर बालिकेस त्यांनी स्वतः अक्षरे गिरवावयास शिकविले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष होता, तरी शिकवणी थांबली नाही. मराठीमागून इंग्रजी आली. त्याच रमाबाई पुढे पुण्याच्या सेवासदनाच्या आधारस्तंभ झाल्या व त्यांनी शेकडो स्त्रियांस, विशेषतः विधवांस, स्वतःच्या पायांवर उभे केले. चुकीची भरपाई कृतीने झाली.

१८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून ग्रामण्य माजले. रानडे यांना स्वतःला बहिष्काराचे भय नव्हते. पण सोबतच्या मित्रांच्या घरी लग्नकार्ये अडली होती. १८९२ साली त्यांनी मित्रांबरोबर प्रायश्चित्त घेतले. सनातनी हसले, सुधारक रागावले. दोन्हीकडील बोलणी त्यांनी शांतपणे सोसली. आम्ही ज्ञातिसंस्थेचे लोक. म्हणून हा प्रसंग आम्हांस विशेष बोचतो. ज्ञातीने दिलेली शिक्षा पुष्कळदा माणसास तोडते. ईश्वराची शिक्षा माणसास जोडते. आपल्या सभांतून कोणास बोल लावताना हा भेद आपण किती वेळा स्मरतो?

१८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या धामधुमीत सरकारचा संशय रानडे यांच्यावर होता. त्यांची बदली धुळ्यास झाली. तेथेही त्यांनी आपले काम निमूटपणे चालविले. पुढे १८९३ साली, काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनानंतर, तेच रानडे मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. दुसऱ्यांचा न्याय करण्याचा अधिकार हाती आला, तरी पहाटे उठून अभंग म्हणताना ते ईश्वरापुढे एका अर्जदारासारखेच असत. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला.

मनुष्याच्या निकालावर वरच्या न्यायालयात अपील चालते, कारण मनुष्य चुकतो. ईश्वराच्या निकालावर अपील नाही. पण तो निकाल माणसास सुधारण्याची संधी देऊनच थांबतो. त्या संधीचे सोने करणे हीच खरी कृतज्ञता होय. रानडे यांनी ती एका पाटीवरील मुळाक्षरांनी व्यक्त केली. आपल्या घरी कोणती पाटी कोरी पडून आहे, हे ज्याने त्याने पाहावे, एवढीच आमची विनंती.