पाण्यावर उतरणारे हेलिकॉप्टर करणारे इगोर सिकोर्स्की

हेलिकॉप्टरचा आवाज आला की आपण सगळे पटांगणात पळतो. पण ते पाण्यावरसुद्धा उतरते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? त्यासाठी खटपट करणाऱ्या इगोर सिकोर्स्की यांची माहिती मी लिहीत आहे.

त्यांचा जन्म २५ मे १८८९ रोजी कीव्ह शहरात झाला. तेव्हा तेथे रशियाच्या झारचे राज्य होते. आज कीव्ह ही युक्रेनची राजधानी आहे. त्यांची आई डॉक्टरकी शिकलेली होती. ती त्यांना लिओनार्दो दा विंची यांनी काढलेल्या उडत्या यंत्राविषयी सांगायची. बाराव्या वर्षी त्यांनी रबराच्या पिळावर उडणारे छोटे हेलिकॉप्टर बनवले. म्हणजे आपल्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठे!

१९०९ साली त्यांनी खरे हेलिकॉप्टर केले, ते उडालेच नाही. १९१० चे कसेबसे स्वतःपुरते उचलायचे, माणसाला घेऊन नाही. मग त्यांनी विमाने बांधली. रशियात क्रांती झाल्यावर ते देश सोडून १९१९ साली अमेरिकेला गेले. तिथे गणित शिकवून पोट भरले. १९२३ साली एका कोंबड्यांच्या फार्मवर कारखाना काढला. पैसा कमी पडला तेव्हा रॅखमानिनॉव्ह नावाच्या संगीतकाराने ५००० डॉलर दिले.

हेलिकॉप्टर मात्र त्यांच्या डोक्यातून गेले नव्हते. १४ सप्टेंबर १९३९ ला ते स्वतःच नव्या यंत्रात बसले. वासराला दावे लावतात तसे यंत्र जमिनीला बांधले होते. वर मोठा पंखा आणि शेपटीला छोटा. छोटा पंखा नसेल तर यंत्र स्वतःच गरागरा फिरेल. १७ एप्रिल १९४१ ला त्याच यंत्राला खाली हवा भरलेल्या रबरी पिशव्या लावल्या, आणि ते पाण्यावरून उडून पाण्यावर उतरले. १९४३ मध्ये त्यांचे दुसरे हेलिकॉप्टर बंकर हिल या तेलाच्या जहाजावर उतरले.

आता मला सर्वांत आवडलेली गोष्ट. २९ नोव्हेंबर १९४५ ला समुद्रात मोठे वादळ झाले. तेलाचा एक पडाव खडकावर अडकला. वर दोन माणसे होती. लाटा एवढ्या की बोट जवळ जाईना. सिकोर्स्की यांचा कारखाना जवळच होता. त्यांचा भाचा जिमी व्हायनर हेलिकॉप्टर घेऊन निघाला. पडावावर उतरता येईना, म्हणून दोर सोडला. पहिला माणूस वर आला. दुसऱ्याच्या वेळी दोर ओढायचे यंत्रच अडकले! तो बिचारा तसाच लोंबकळत किनाऱ्यापर्यंत गेला. पण दोघेही वाचले. वाचताना माझ्या तर पोटात गोळा आला.

माझे मामा मुंबई हायला समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर स्वयंपाकी आहेत. ते जुहूहून हेलिकॉप्टरने जातात. समुद्राच्या वर लोखंडी माचण असते, त्यावर मोठा एच काढलेला असतो. चाके घसरू नयेत म्हणून दोरांची जाळी पसरतात.

आपल्या नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरे विक्रांत जहाजावर उतरत असत. तीही मूळची सिकोर्स्की यांच्या कंपनीचीच.

२६ ऑक्टोबर १९७२ रोजी सिकोर्स्की वारले. तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. शेजारचे चित्र मी काढले आहे. दोराला लोंबकळतोय तो दुसरा माणूस.

— इयत्ता ४ थी