न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे : खतपत्रापासून राष्ट्रीय सभेपर्यंत

आमच्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत थोर पुरुषांचे एक तरी चरित्र छापावयाचे, हा प्रघात आता जुना झाला आहे. यंदा आम्ही न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे नाव सुचविले, तेव्हा कार्यकारी मंडळातील एका वडीलधाऱ्या सभासदांनी सरळ विचारले की, रानडे आपल्या ज्ञातीचे केव्हापासून झाले? प्रश्न रास्त होता. रानडे आमच्या ज्ञातीचे नव्हते. कोकणस्थ ब्राह्मणाच्या घरी, सरकारी नोकरीच्या छायेत ते वाढले. परंतु सणसवाडीच्या परिसरातील ज्या कोणा घरात आजोबा-पणजोबांच्या काळची गहाणखते जुन्या ट्रंकेत तळाशी पडून असतील, त्या घराचा या पुरुषाशी काही एक संबंध आहेच. तो संबंध दाखवावा, एवढाच आमचा हेतू. मंडळाने अनुमती दिली, हा त्यांचा मोठेपणा होय.

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत असल्याने बालपण कोल्हापुरात गेले. मुलगा अंगाने थोराड, बोलण्यात मंद आणि दिसण्यात बावळा. तो पुढे काही नाव काढील अशी अपेक्षा त्या काळी फारशी कोणास नव्हती. चौदा-पंधराव्या वर्षी मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयात दाखल झाल्यावर मात्र त्यांनी वाचनाचा असा काही सपाटा लावला की, पुढे डोळे जन्माचे अधू झाले. मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची पहिली परीक्षा १८६२ साली झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या तरुणांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्याबरोबर रानडेही होते. १८६४ साली एम. ए. आणि १८६६ साली कायद्याची पदवी त्यांनी मिळविली. सरकारी भाषांतरखाते, अक्कलकोट व कोल्हापूर संस्थानांतील कामे आणि एल्फिन्स्टन कॉलेजातील अध्यापकी असे टप्पे घेत ते १८७१ साली पुण्यास सबजज्ज म्हणून आले. येथून त्यांच्या खऱ्या चरित्रास आरंभ होतो.

पुण्यात गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांनी २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन केली होती. सभेचे शरीर काका, आणि बुद्धी रानडे, असे तिचे स्वरूप लवकरच झाले. सरकारी नोकर असल्यामुळे रानड्यांचे नाव पुष्कळदा पडद्याआड राही, पण अर्जांचे मसुदे, चौकशीचे अहवाल आणि १८७८ पासून निघू लागलेल्या सभेच्या त्रैमासिकातील लेख यांवर त्यांच्या हाताचा ठसा स्पष्ट उमटलेला आहे. राज्यकर्त्यापुढे गाऱ्हाणे नेताना आकडे, पुरावा आणि कायद्याचे कलम घेऊन जावे, ही शिस्त त्यांनी लोकांस लावली. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. त्या काळी सरकारपुढे हात जोडून उभे राहणे किंवा मनात शिव्या देत घरी बसणे, एवढ्या दोनच रीती आपल्या लोकांस ठाऊक होत्या.

आता आमच्या तालुक्याकडे वळू. डिसेंबर १८७४ मध्ये याच शिरूर तालुक्यातील कर्डे गावी एक प्रकार घडला. तेथील बाबासाहेब देशमुख नावाच्या गृहस्थाविरुद्ध एका सावकाराने कर्जापोटी हुकूमनामा मिळविला आणि देशमुखाचे घर ताब्यात घेऊन ते पाडण्यास सुरुवात केली. गाव खवळला. गावकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार घातला. न्हाव्याने हजामत करू नये, पाणक्याने पाणी भरू नये, कोणी त्यांची जमीन कसू नये, असे ठरले. हे लोण गावोगाव पसरले. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारात दंगा उसळला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. त्या वेळी ते जुन्या भीमथडी तालुक्यात होते, आणि आजचा दौंड तालुकाही त्या भीमथडीतूनच निघालेला आहे. तेथून शिरूर, इंदापूर, पुरंदर आणि नगर जिल्ह्याचा दक्षिण भाग यांत आग पसरली. शेकडो माणसे पकडली गेली.

या दंग्याची एक गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे. लोकांनी प्राण क्वचितच घेतले. त्यांना हवे होते ते कागद. खतपत्रे, गहाणखते, हुकूमनामे, जे सापडेल ते चव्हाट्यावर आणून जाळले. अक्षरशत्रू कुणब्यास एवढे निश्चित कळले होते की, आपले मरण माणसात नसून कागदात आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खताची मुदत तीन वर्षांवर आणली होती. ऋणकोचे हित व्हावे हा उद्देश. झाले उलटेच. दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज मिळून नवे खत लिहून घेण्याची चाल पडली आणि शंभराचे तीनशे केव्हा झाले, हे अंगठा उठविणाऱ्यास कळेना. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा सावकाराने थैली मोकळी सोडली होती. युद्ध थांबले, भाव कोसळला, त्याच सुमारास सरकारने जमीनमहसुलाची फेरपाहणी करून सारा वाढविला, आणि सावकाराने हात आखडला. अशा रीतीने चहूबाजूंनी कोंडी झाली.

कोर्टात बसलेल्या न्यायाधीशाची स्थिती तरी काय होती? खतावर अंगठा शाबीत झाला की, हुकूमनामा देण्यावाचून त्याला कायद्याने गत्यंतर नव्हते. रानडे त्या वेळी पुण्याच्या कोर्टात अशाच आसनावर बसले होते. ज्या यंत्राने रयत भरडली जात होती, त्या यंत्राचा एक दात आपण आहोत, ही जाणीव त्यांच्यासारख्या विचारी माणसास झाली नसेल, असे आम्हांस वाटत नाही.

त्यांच्या विचाराचा विशेष असा की, त्यांनी सावकाराच्या जातीकडे बोट दाखविले नाही. त्या काळी गुजर-मारवाडी यांच्या नावाने शंख करणे सोपे होते, आणि सरकारलाही ते सोयीचे होते; कारण मग साऱ्याच्या वाढीकडे कोणी पाहत नाही. सार्वजनिक सभेने आणि रानड्यांनी नेमके साऱ्याकडे पाहिले. सावकार गेला तर बी-बियाण्यास पैसा कोण देणार, हा प्रश्नही त्यांनी टाळला नाही. कायदा एकांगी, सारा जड आणि स्वस्त भांडवलाचा अभाव, ही त्यांची निदानाची त्रिसूत्री होती.

सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले आणि त्यातून १८७९ साली डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट निघाला. पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस तो लागू झाला. त्यात खताच्या मागे जाण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. म्हणजे कागदावरचा आकडा न पाहता मूळ रक्कम किती दिली, व्याज किती झाले, फेड किती झाली, हे खणून काढावयाचे. कर्जासाठी शेतकऱ्यास तुरुंगात टाकणे बंद झाले. खत गावच्या नोंदणीकामगारासमोर व्हावे, पैसे पोचल्याची पावती मिळावी, किरकोळ दावे ग्राममुन्सफाने गावातच पाहावेत, आणि दावा लावण्यापूर्वी तडजोड घडविणाऱ्या प्रतिष्ठित गृहस्थापुढे दोन्ही पक्षांनी यावे, अशीही तजवीज होती.

याच १८७९ साली दैवाची गंमत पाहा. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने सरकार बिथरलेले, त्यात मे महिन्यात पुण्यातील बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या. सार्वजनिक सभेचा पडद्याआडचा सूत्रधार म्हणून रानड्यांवर संशयाची नजर वळली आणि त्यांना धुळ्यास धाडण्यात आले. दोन वर्षांत संशय निवळला, आणि १८८१ साली त्याच सरकारने त्यांस नव्या कायद्याखाली स्पेशल जज्जाचे साहाय्यक नेमले. पुढे ते स्वतः स्पेशल जज्ज झाले आणि १८९३ पर्यंतचा बहुतेक काळ याच कामात गेला. जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरून खालच्या कोर्टांचे निकाल तपासावयाचे, ग्राममुन्सफ आणि तडजोडवाले नीट वागतात की नाही हे पाहावयाचे, असे ते काम होते. तंबू, बैलगाड्या, दप्तरांचे गठ्ठे, आणि बरोबर पत्नी रमाबाई. डोळे अधू असल्याने वाचून दाखविण्याचे काम पुष्कळदा दुसऱ्यास करावे लागे. आमचा शिरूर तालुका आणि जुनी भीमथडी यांतील ऋणकोंची प्रकरणे ज्या दप्तरांत होती, ती या कामाच्या कक्षेत येत.

कायद्याने सर्व दुःख हरले काय? नाही, आणि तसे सांगणे म्हणजे चरित्रनायकाची खोटी आरती ओवाळणे होय. कोर्ट खताच्या मागे जाते असे दिसताच धूर्त सावकारांनी खत टाकून खरेदीखत धरले. कर्जाऐवजी जमिनीची विक्रीच कागदावर दाखवावयाची आणि परत देण्याचे तोंडी वचन द्यावयाचे. असे कित्येक एकर गेले. रानडे हे ओळखून होते. त्यामुळेच शेतकी बँकेचा आग्रह त्यांनी सोडला नाही. विल्यम वेडरबर्न यांच्या साथीने पुरंदर तालुक्यासाठी अशा बँकेची योजना तयार झाली. हिंदुस्थान सरकारनेही ती मान्य केली. पण विलायतेत भारतमंत्र्यांनी ती फेटाळली. तीन-चार कोसांवरच्या तालुक्याच्या पेढीस सात समुद्रापलीकडे नकार मिळावा, यातच त्या राज्यपद्धतीचे वर्म आले. राष्ट्रीय राजकारण कशास हवे, याचे उत्तर रानड्यांना ग्रंथांत शोधावे लागले नाही.

राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन १८८५ च्या डिसेंबरात पुण्यासच भरावयाचे होते. पटकीच्या साथीमुळे ते मुंबईस हलविले गेले. सरकारी नोकर या नात्याने रानडे उघड प्रतिनिधी होऊ शकत नव्हते, तरी तिच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. १८८७ साली मद्रासेस त्यांनी सामाजिक परिषद सुरू केली आणि ती दरवर्षी राष्ट्रीय सभेच्या पाठोपाठ त्याच मंडपात भरू लागली. मद्रासचा वकील, बंगालचा अध्यापक, पंजाबचा व्यापारी यांस निफाडच्या या माणसाचे बोलणे आपले वाटावे, हे कशाने झाले? वक्तृत्वाने नव्हे, कारण टाळ्या घेणारे वक्तृत्व त्यांच्यापाशी नव्हते. आमच्या मते ते झाले त्यांच्या सवयीने. कोणताही प्रश्न, मग तो विधवेचा असो, महसुलाचा असो वा गिरणीचा, ते एका जातीचा अथवा प्रांताचा म्हणून हाताळीत नसत.

१८९५ साली राष्ट्रीय सभा पुण्यास आली, तेव्हा टिळकपक्षाने सामाजिक परिषद त्या मंडपात होऊ देण्यास कडवा विरोध केला. रानड्यांनी हट्ट धरला नाही. परिषद दुसरीकडे भरविली. कोणी याला शहाणपण म्हणतो, कोणी माघार. आम्हांस ते शहाणपण वाटते.

परंतु घरच्या आघाडीवरील माघारीस तसे म्हणता येत नाही. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता हा पुरुष १८७३ साली विधुर झाला, आणि वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्याच वर्षी अकरा वर्षांच्या मुलीशी विवाहबद्ध झाला. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याचे प्रकरण उपस्थित झाले. त्यातही पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. त्यांच्या अनुयायांची मान खाली गेली. जोतीराव फुल्यांशी त्यांचा संबंधही असाच दुपेडी. १८७५ साली स्वामी दयानंदांची मिरवणूक पुण्यात निघाली, तेव्हा दंगेखोरांची पर्वा न करता दोघेही तीत चालले. पण १८८५ च्या ग्रंथकार सभेस रानड्यांनी दिलेले निमंत्रण फुल्यांनी नाकारले. ज्यांच्या सभेत शूद्रातिशूद्रांच्या मानवी हक्कांचा विचार नाही, तिच्याशी आमचे जुळणार नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. या वादात आमचा कौल फुल्यांकडे आहे, आणि तरीही हे चरित्र आम्ही लिहीत आहोत.

१८९३ साली काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या मुंबई हायकोर्टाच्या आसनावर रानड्यांची नेमणूक झाली. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील त्यांचा ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला. पुढे जन्मदिनी, १८ जानेवारी १९४३ रोजी, पुण्याच्या गोखले हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांच्यावर व्याख्यान दिले. गांधी आणि जिना यांच्याशी तुलना करून बाबासाहेबांनी रानड्यांस उच्च स्थान दिले, याचे अनेकांस नवल वाटले होते. आम्हांस वाटत नाही. कागदावरील अंगठ्यामागे कोण माणूस उभा आहे हे कायद्याने पाहावे, हा आग्रह दोघांचाही होता.

१६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईस रानड्यांचे देहावसान झाले. एकोणसाठावे वर्ष पुरे होण्यास दोन दिवस उणे होते. सहकारी पतपेढ्यांचा कायदा त्यानंतर तीन वर्षांनी, १९०४ साली झाला. रमाबाई पुण्यास परतल्या. त्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले आणि १९१० साली पतीच्या व आपल्या संसाराच्या आठवणी लिहून प्रसिद्ध केल्या. तंबूतील त्या मुक्कामांचे वर्णन ज्यांस वाचावयाचे असेल, त्यांनी त्या पुस्तकाकडे जरूर वळावे.