बेत्तिनो रिकासोली
बॅरन बेत्तिनो रिकासोली (९ मार्च, १८०९, फ्लोरेन्स – २३ ऑक्टोबर, १८८०, ब्रोलियो) हे इटलीचे पंतप्रधान व क्यांती या तांबड्या वाइनला निश्चित रूप देणारे द्राक्षबागायतदार होते. तोस्काना प्रांतातील ब्रोलियोचा किल्ला ११४१ पासून त्यांच्या घराण्याकडे होता. अठराव्या वर्षी ते पोरके झाले, तेव्हा ग्रँड ड्यूकच्या खास हुकुमाने त्यांना सज्ञान ठरवण्यात आले. धाकट्या भावांचे पालकत्व आणि कर्जबाजारी मिळकत यांचा भार त्यांच्यावर पडला.

१८६० मध्ये तोस्कानाचे सार्डिनियाच्या राज्यात विलीनीकरण घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. काव्हूर यांच्या निधनानंतर जून १८६१ मध्ये ते पंतप्रधान झाले. १८६६-६७ मध्ये त्यांनी हे पद पुन्हा भूषवले. करारी स्वभावामुळे ते ‘पोलादी बॅरन’ म्हणून ओळखले जात.

ब्रोलियोत दीर्घकाळ प्रयोग करून १८७२ मध्ये त्यांनी पिसा विद्यापीठातील प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना आपले निष्कर्ष पत्राने कळवले. त्यांच्या मते वाइनला सुगंध व जोम सांजोव्हेझे या द्राक्षामुळे, तर मार्दव कानायोलोमुळे येते. पांढरे माल्व्हाझिया द्राक्ष लवकर प्यायच्या वाइनपुरते ठीक, मुरवायच्या वाइनमध्ये ते टाळावे. १९६७ च्या नियमांनी मात्र क्यांतीत १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षे सक्तीची केली. क्यांती क्लासिको वाइनमध्ये २००६ च्या हंगामापासून ती वर्ज्य ठरली.