वतनावर पाणी सोडणारे कान्होजी जेधे

मित्रांनो, चौथीच्या इतिहासात आपण मावळ्यांविषयी वाचतो. पण हे मावळे कुठे दूर देशीचे नव्हते. आपल्या नसरापूरहून सकाळी निघालं, तर जेवणवेळेच्या आत त्यांच्या गावात पोचता येतं. मी या हिवाळ्यात काकांबरोबर दोन दिवस त्या मुलखात फिरून आलो. तिथे कान्होजी नाईक जेधे यांची जी हकीकत कळली, ती तुम्हांला सांगावीशी वाटते.

शनिवारी आम्ही काकांच्या जीपमधून निघालो. बरोबर ताडपत्री, घोंगड्या, शेगडी, तांदूळ-डाळ आणि आजीने बांधून दिलेल्या भाकऱ्या होत्या. चेलाडी फाटा, कापूरहोळ करीत भोर गाठलं. भोरपुढे रस्ता अरुंद होतो आणि डोंगर जवळ येतात. जिकडेतिकडे काळे कडे, खोल ओढे आणि उतारावर पायऱ्यांसारखी खाचरं. पिकाऊ जमीन थोडी, रान फार. या खोऱ्याला पूर्वी रोहिडखोरं म्हणत. रोहिडा किल्ल्यावरून हे नाव पडलं. कारी गावचे जेधे हे या खोऱ्याचे देशमुख. गावचा वसूल गोळा करायचा, तंटे मिटवायचे, वेळप्रसंगी लढाईला माणसं न्यायची, ही देशमुखांची कामं. त्याबद्दल वसुलात वाटा आणि गावात मान मिळे. हेच त्यांचं वतन. ते बापाकडून मुलाकडे जाई. माणूस वतनासाठी जीव देई आणि जीव घेईसुद्धा.

कान्होजींच्या घरी असंच घडलं. जेधे करीना नावाचा त्या घराण्याचा जुना कागद आहे. त्यात लिहिलंय, की वतनाच्या लोभापायी कान्होजींच्या वडिलांना, म्हणजे नाईकजींना, त्यांच्या भावांनीच मारलं. कान्होजी तेव्हा तान्हे होते. देवजी महाला नावाच्या इमानी माणसाने बाळाला वाचवलं आणि मोसे खोऱ्यात नेलं. तिथल्या बाजी पासलकरांनी त्यांना आसरा दिला. पुढे आपली मुलगीही दिली.

मोठे झाल्यावर कान्होजींनी आपलं वतन सांभाळलं. नंतर ते शहाजीराजांच्या पदरी राहिले. 1648 साली विजापूरच्या सरदारांनी जिंजीजवळ शहाजीराजांना कैद केलं, तेव्हा कान्होजीही कैदेत पडले. 1649 साली सुटका झाली. मग शहाजीराजांनी त्यांना मावळात शिवाजीराजांच्या मदतीला धाडलं. मावळातल्या देशमुखांत कान्होजी वडीलधारे. ते आले म्हणजे मोठा आधारच आला.

आता खरा प्रसंग ऐका. 1659 साली अफजलखान मोठी फौज घेऊन स्वराज्यावर निघाला. विजापूरच्या बादशहाने मावळच्या देशमुखांना फर्मानं पाठवली. कान्होजींनाही जूनमध्ये फर्मान आलं. खानाला सामील व्हा, नाहीतर परिणाम भोगा, असा त्यातला मजकूर. खोऱ्यातले खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. कान्होजी काय करणार, इकडे साऱ्यांचं लक्ष लागलं होतं.

कान्होजी आपल्या पाच मुलांना घेऊन राजांकडे गेले आणि फर्मान त्यांच्यापुढे ठेवलं. राजांनी त्यांना विचार करायला सांगितलं. खानाकडे न जाल तर वतन जाईल, जिवावरही बेतेल, हे स्पष्ट करून दिलं. तेव्हा कान्होजींनी हातात पाणी घेऊन वतनावर सोडलं. म्हणजे वतनाचा हक्कच सोडला. ज्या वतनापायी बाप मारला गेला, ते त्यांनी आपल्या हाताने सोडलं. मुलं समोर उभी होती, त्यांच्या वाट्याचंही सोडलं. मग राजांनी त्यांच्या बायकामुलांना सुरक्षित जागी हलवायला सांगितलं. कान्होजींनी इतर देशमुखांनाही समजावून राजांच्या बाजूला आणलं.

हे किती अवघड होतं, ते मला रायरेश्वरावर कळलं. संध्याकाळी आम्ही कोर्ले गावाच्या बाजूने वर चढलो. शेवटी लोखंडी शिडी आहे. वर मोठं पठार आहे. तिथे महादेवाचं देऊळ, जंगमांची घरं, थोडी शेती आणि चरणारी गुरं दिसली. याच देवळात शिवरायांनी 1645 साली सवंगड्यांसह स्वराज्याची शपथ घेतली, असं परंपरा सांगते. रात्री ताडपत्रीखाली लई थंडी वाजली. सकाळी काकांनी एका अंगाला भोरचं खोरं दाखवलं आणि दुसऱ्या अंगाला वाईचा मुलूख. खानाने तळ दिला होता तो त्या वाईलाच! म्हणजे डोंगराच्या एका बाजूला खानाची फौज आणि दुसऱ्या बाजूला कान्होजींचं घर. एवढं जवळ संकट असून ते डगमगले नाहीत.

10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाखाली खान मारला गेला. जेधे, बांदल आणि इतर मावळ्यांनी जावळीच्या रानात त्याच्या फौजेची दाणादाण उडवली. पुढे खंडोजी खोपडे सापडले. तेव्हा त्यांचा जीव वाचावा म्हणून राजांपाशी रदबदली केली ती कान्होजींनीच. राजांनी जीव राखला, पण फितुरीबद्दल त्यांचा एक हात आणि एक पाय तोडायला लावला. शत्रूला मिळालेल्या माणसासाठीही शब्द टाकणारे कान्होजी मला फार मोठे वाटतात.

रविवारी परतताना आंबवड्याला थांबलो. नागेश्वराच्या देवळाजवळ कान्होजींची समाधी आहे. जिवा महाला यांचीही समाधी तिथेच आहे. आम्ही दोन्ही ठिकाणी फुलं वाहिली. जेधे घराण्यातली जेधे शकावली 1916 साली लोकमान्य टिळकांनी छापून प्रसिद्ध केली. शिवकाळातल्या कितीतरी तारखा तिच्यामुळे कळल्या.

मित्रांनो, आपल्याकडे अजून हातभर बांधावरून भाऊ-भाऊ बोलत नाहीत. कोर्टाच्या तारखा संपत नाहीत. अशा वेळी कान्होजींची आठवण करावी. जमीन कुणाला प्यारी नसते? त्यांनाही होती. पण शब्द त्याहून प्यारा होता. तुम्हीही मोठ्या माणसांना घेऊन आंबवड्याला एकदा जाऊन या.